विश्लेषण : कोराडीची राख कोणाच्या हिशेबात?

नागपूरलगतच्या कोराडी औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव मे २०२३ मध्ये जनसुनावणीला आला, तेव्हा त्याला बराच विरोध झाला. त्याला कारणही होते. जुलै २०२२ मध्ये याच केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचे पाणी शेतांत शिरले होते.

मग असा प्रकल्प ‘फायद्याचा’ कसा ठरतो?

यामागे निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये मांडलेली कसोटी आहे. ज्यांचा लाभ होतो, ते नुकसान झालेल्यांना भरपाई देऊनही लाभातच राहू शकत असतील, तर प्रकल्प समाजाच्या हिताचा. मेख ‘शकत असतील’ यात आहे. भरपाई प्रत्यक्षात दिलीच पाहिजे, अशी अट नाही! वीज राज्यभर जाते, राख गावातच राहते आणि कागदावर बेरीज जुळते.

राखेची किंमत कशी ठरणार?

स्वच्छ हवेसाठी लोक किती पैसे मोजतील, हे विचारून. पण गरिबाच्या खिशात मोजायला पैसेच कमी, म्हणून त्याची हवाही स्वस्त. प्रश्न उलटा करून ‘राख सोसायला किती घ्याल?’ असे विचारले, तर आकडा फुगतो. एखादा शेतकरी ‘नकोच’ म्हणेल. हे उत्तर सूत्रात बसत नाही.

निदान गावांची खरी भरपाई धरून वीज किती महाग पडते, हा आकडा जनसुनावणीतच लोकांसमोर यायला हवा.