पाठांतराच्या गोण्या



वस्तीतल्या पोराला विचारा, कशाला शिकतोस? तो म्हणेल, नोकरीसाठी. यात लाजायचं काही नाही. ज्याच्या घरी चूल पेटायची मारामार, त्याला 'ज्ञानासाठी ज्ञान' सांगणं ही भरल्या पोटाची ऐट आहे. पण माणूस कशासाठी शिकतो, त्याचा आणि त्याचं डोकं कसं चालतं याचा संबंध आहे. तो नीट बघितला पाहिजे.

जॉन बिग्ज या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली शिकण्यामागच्या तीन प्रेरणा मांडल्या. नापास होऊ नये एवढीच धडपड, विषयाची ओढ आणि वरच्या नंबराची ईर्ष्या. रॉबर्ट स्टर्नबर्गने १९८८ साली म्हटलं, डोक्यातही एक सरकार असतं. कुणाचं डोकं कायदे करतं, कुणाचं हुकूम पाळतं, कुणाचं न्यायनिवाडा करतं. मग २००० साली ली-फांग झांग आणि स्टर्नबर्ग यांनी हाँगकाँग आणि चीनमधल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. निभावण्यापुरतं शिकणाऱ्यांचा कल हुकूम पाळण्याकडे, समजून शिकणाऱ्यांचा कल नवं मांडण्याकडे नि तपासण्याकडे दिसला.

मग आमच्या पोरांना 'घोकंपट्टीवाले' म्हणून हिणवणाऱ्यांनी सांगावं, नापास व्हायची ही भीती पेरली कुणी? प्रश्न विचारला की 'खाली बस', गाइड पाठ केलं की शाबासकी! गोदीत आम्ही गोण्या वाहतो. आत साखर की सिमेंट, हे हमालाला कोण विचारतो? शाळेनं पोरांचं डोकं तसंच हमाल करून टाकलंय. परीक्षेत गोणी उतरवली, की डोकं रिकामं.

बाबासाहेबांवरही नोकरीची अट होतीच. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीचा करार होता, शिकून दहा वर्षं चाकरी करायची. पण ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. जात आली कुठून, टिकली कशी? पोटाचा करार होता, पण डोकं गहाण नव्हतं.

तेव्हा नोकरीसाठी शिका, जरूर शिका. स्पर्धा परीक्षा द्या, मार्क मिळवा. पण वस्तीवस्तीतल्या अभ्यासिकेत रोज एक तास गाइड मिटवा. धड्यात जे आहे ते का आहे, कुणाच्या फायद्याचं आहे, आपल्याबद्दल काय गाळलंय, यावर भांडा. पोरींना मागं बसवू नका. मास्तर चिडला तर चिडू द्या.

राज्यघटनेच्या शिल्पकाराची लेकरं आपण. आपल्या डोक्यात नुसतं हुकूम पाळणारं खातं चालणार नाही.

जय भीम!