चुना जमिनीत भरपूर, मग टोमॅटो उपाशी का?

उन्हाळा लागला की परसबागेत एक तक्रार हमखास ऐकू येते. टोमॅटो हिरवे असतानाच बुडाशी काळे पडतात, डाग चामड्यासारखा होतो आणि बघता बघता अर्धे फळ जाते. कोणी कीड समजून औषध फवारते, कोणी खायचा चुना पाण्यात कालवून मुळाशी ओतते. पैसे जातात, डाग तसाच राहतो.

भगिनींनो, ही कीडही नाही आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाणारा रोगही नाही. फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ही खूण आहे. पेशींच्या भिंती घट्ट धरून ठेवण्याचे काम कॅल्शियम करते. ते कमी पडले की पेशी फुटतात. आणि देठापासून सर्वांत लांब असलेल्या बुडाशी आधी फुटतात.

परभणीकर म्हणतील, आपल्या काळ्या जमिनीत तर चुनखडीचे खडे हाताला लागतात, मग कॅल्शियम कमी कसे? उणीव जमिनीत नाही, वाटेत आहे. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर जलवाहिन्यांतून वर चढते आणि पाणी जिकडे जास्त ओढले जाते तिकडेच जाते. पानांतून दिवसभर पाण्याची वाफ होते, म्हणून मोठा वाटा त्यांचा. गुळगुळीत सालीच्या फळातून वाफ फार थोडी होते. शिवाय साखर पानातून फळात उतरते, पण पानात गेलेले कॅल्शियम सहसा तिथेच अडकते. पारा ४० अंशांच्या वर गेला आणि माती सुकली की फळाच्या वाट्याला काही उरत नाही.

यात वेळेचीही अट आहे. हल्ली शहरांतल्या दुकानांत दिसणाऱ्या ब्लूबेरीचेच बघा. फळ कोवळे आणि हिरवे असते तेव्हा त्याच्या सालीवरची सूक्ष्म रंध्रे काम करतात, पाणी ओढले जाते आणि बहुतेक कॅल्शियम त्याच काळात आत येते. पुढे रंध्रे मंदावतात. फळ फुगते ते साखरेच्या रसावर. (हे झाड आपल्या अंगणात मात्र लावू नका. त्याला ४.५ ते ५.५ सामूची आम्लधर्मी जमीन लागते. आपली चुनखडीची जमीन ७ च्या वरची.) टोमॅटोच्या सालीला रंध्रे नसतात, पण त्याचीही खरी गरज फळ धरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच असते. डाग दिसल्यावर धावपळ करून ते फळ वाचत नाही.

म्हणून उपाय चुन्यात नाही, पाण्याच्या नियमितपणात आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येते म्हणून त्या दिवशी वाफा तुडुंब भरायचा आणि मग माती भेगाळू द्यायची, हेच फळाला बाधते. साठवणीतले थोडे थोडे पाणी रोज सकाळी द्या. वुजूचे पाणी साबणाविना असते आणि दिवसातून पाच वेळा मिळते. ते बादलीत धरून कुंड्यांना घालता येते. मुळाशी सोयाबीनचा भुसा किंवा उसाचे पाचट पसरा, ओल टिकते. युरिया बेताने द्या. त्याने पाने माजतात आणि कॅल्शियम शोषण्यातही अडथळा येतो. अंड्याची टरफले आपल्या मातीत सहजासहजी विरघळत नाहीत, त्यांच्यावर विसंबू नका. कोकोपीटच्या कुंडीत मात्र कॅल्शियम खरोखर कमी असू शकते. तिथे कॅल्शियम नायट्रेट पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून द्यावे.

शेतात टोमॅटो घेणाऱ्या कुटुंबांनाही हेच लागू आहे. जायकवाडीच्या कालव्याच्या दोन पाळ्यांमध्ये जमीन फुटेपर्यंत सुकू देऊ नये. विहीर असेल तर ठिबकने ओल सारखी ठेवावी. फवारणी करायचीच असेल तर कोवळ्या फळांवर करावी, कारण पानावर पडलेले कॅल्शियम फळात जात नाही. खर्चाआधी माती तपासून घ्यावी. त्यासाठी १९७२ पासून परभणीतच असलेल्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घेता येतो.

डागाळलेली फळे तोडून घ्या. उरलेला भाग घट्ट आणि चांगला असेल तर काळा भाग कापून तो सालनात खुशाल वापरा. पाणी नियमित झाले की पुढच्या घोसातली फळे इन्शाअल्लाह बुडापर्यंत लाल होतील.