दोन ओले रविवार

फराळाचे ताट शेजारी आणि दिवाळी अंक मांडीवर घेऊन बसलेल्या वाचकाला फटफटीच्या शर्यतीची गोष्ट सांगायची म्हणजे जरा धाडसच. त्यातून ती आपल्याकडची नाही, मलेशियाची. पण या सदराने भूगोलाचे सोवळे कधीच पाळलेले नाही, आणि हा मुलगा मला मनापासून आवडतो.

त्याचे नाव खैरुल इदहाम पावी. पावी हे आडनाव नव्हे हो! मलय मंडळींत आडनावाची चाल नाही. पावी हे वडिलांचे नाव. आपण ते मध्ये घालतो, ते शेवटी ठेवतात. त्यामुळे जगभरच्या समालोचकांनी पुढे ‘पावी, पावी’ असा जो गजर केला, तो सगळा वडिलांच्या पदरात पडला. गाव पेराक राज्यातले कांपुंग गाजा. कांपुंग म्हणजे गाव आणि गाजा म्हणजे आपला गज. संस्कृतातला हा हत्ती समुद्र ओलांडून केव्हाच तिकडे जाऊन बसला आहे. अशा या हत्तीच्या गावचा पोरगा 20 सप्टेंबर 1998 चा.

मलेशियात लहान फटफटी हे घरोघरचे वाहन. तसल्याच गाड्यांच्या शर्यतींची ‘कब प्रिक्स’ नावाची मालिका तिथे 1994 साली सुरू झाली आणि पोरांना वेगाचे वेड लागले. तरी जागतिक ग्रां प्री शर्यत जिंकणे कुणाला साधले नव्हते. 2012 च्या ऑक्टोबरात, त्यांच्या घरच्याच सेपांगच्या ट्रॅकवर, झुल्फहमी खैरुद्दीनचा पहिला नंबर अवघ्या 0.028 सेकंदाने हुकला. पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो! त्याच दिवशी वरच्या वर्गाच्या शर्यतीत हाफिझ स्याहरिन हा तरुण भर पावसात काही काळ सर्वांच्या पुढे धावला आणि शेवटी चौथा आला.

आमचा खैरुल 2014 साली आशिया टॅलेंट कपमध्ये धावला, पुढले वर्ष त्याने युरोपातल्या कुमारांच्या मालिकेत काढले आणि 2016 साली होंडाच्या आशियाई संघातून तो मोटो3 या जागतिक वर्गात आला. इथली गाडी 250 सीसीची, एकाच सिलिंडरची. गाड्या इतक्या तुल्यबळ की दहाबारा जण मुंग्यांच्या रांगेसारखे एकमेकांना चिकटून धावतात आणि सेकंदाच्या आत सगळा निकाल लागून जातो.

3 एप्रिल 2016, रविवार. अर्जेंटिनातले तेर्मास दे रिओ होंदो. मोसमातली दुसरीच शर्यत, आणि ट्रॅक ओलसर. ओल्या ट्रॅकवर स्वाराची सारी विद्या उलटी होते. कोरड्या दिवशी ज्या रेषेने सगळे जातात तिथे टायरचे रबर घासून बसलेले असते. पाणी पडले की तीच वाट निसरडी होते. कडेचे रंगवलेले पट्टे म्हणजे तर साबणच. गाडी फार झुकवायची नाही, ब्रेक हळुवार दाबायचा, इंजिनाला जोरही चमच्याचमच्याने द्यायचा. सतरा वर्षांचे पोर हे कुठे शिकले असेल? पण ते सुटले ते सुटलेच. एकवीस फेऱ्या संपल्या तेव्हा दुसरा आलेला स्पेनचा नवारो 26 सेकंदांहून अधिक मागे होता. म्हणजे दर फेरीला सव्वा सेकंद! त्या दिवशी ग्रां प्रीच्या विजयमंचावर प्रथमच मलेशियाचे राष्ट्रगीत वाजले. ‘नगाराकू’, म्हणजे माझा देश. त्यातला ‘नगारा’ हाही आपल्या नगराचाच नातलग.

योगायोग म्हणणारे म्हणाले. मग 17 जुलैला जर्मनीत झाक्सनरिंगला पाऊस आला आणि हा पुन्हा पहिला, अकरा सेकंदांनी!

आता खरी गोष्ट ऐका. त्या वर्षी त्याचे एकूण गुण 62. विजयाचे 25 असतात, म्हणजे दोन ओल्या रविवारांनी 50 दिले आणि उरलेल्या साऱ्या मोसमाने मिळून 12. पावसात यंत्राचे बळ कमी मोलाचे ठरते आणि हाताची जाण वर येते; ऊन पडले की यंत्रे आणि अनुभव आपली किंमत वसूल करतात. मुलाची जाण सोळा आणे, पण अनुभव अजून कोवळा होता.

आणि पुढच्याच वर्षी त्याला मोटो2 मध्ये चढवले. चार सिलिंडरांची, 600 सीसीची जड गाडी. आपल्याकडे हुशार पोराला एकदम वरच्या इयत्तेत बसवण्याची हौस असते ना, तसेच काहीसे. मला विचाराल तर आणखी एक वर्ष खाली राहून कोरड्या ट्रॅकवरची पाठांतरे पक्की करायला हवी होती. जिंकलेल्या मुलाला थांब म्हणणे कुणाला जमते म्हणा! घरच्यांना जमत नाही, तर संघांना कुठून जमणार? मोटो2 मध्ये त्याने तीन मोसम काढले, पण पहिल्या तिघांत तो एकदाही आला नाही.

2019 मध्ये स्पेनच्या हेरेझला सरावात तो पडला आणि करंगळी जायबंदी झाली. आपल्याला करंगळी आठवते ती गोवर्धन उचलणाऱ्या कृष्णापुरती. पण ताशी दोनशेच्या वेगात मूठ घट्ट धरणाऱ्याला विचारा. शस्त्रक्रिया झाली, कित्येक शर्यती हुकल्या. 2020 मध्ये त्याला पुन्हा मोटो3 त आणले. वयाने एकवीस, समोर पुन्हा सतरा वर्षांची पोरे. खालच्या इयत्तेत परत बसताना बाक लहान झालेले असते. तिथेही जमले नाही आणि ग्रां प्रीचे दार मिटले.

मी त्याला विसरत चाललो होतो. तोच 2024 साली वर्ल्ड सुपरस्पोर्ट या वेगळ्या जागतिक मालिकेच्या यादीत नाव दिसले: खैरुल इदहाम पावी, गाडी होंडा, क्रमांक तोच जुना 89. त्या वर्षी शर्यत असली की मी आधी त्या गावचे हवामान पाहत असे.