अंग आपलं, कागद सरकारचा

मी जवळा बाजारचा. तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. आमच्याकडं आठवडी बाजारात टाळी वाजवत आलेल्या तृतीयपंथीयाला दुकानदार दहाची नोट देतो आणि मान फिरवतो. त्या माणसाला काय हवंय, हे कुणी विचारत नाही. त्यातल्या कित्येकांना आपलं शरीर आपल्या मनासारखं करून घ्यायचंय. शहाण्या लोकांना ती थेरं वाटतात. ज्याच्या अंगाला आग लागलीय त्याला विचारा.

26 नोव्हेंबर 2019. संविधान दिन. त्याच दिवशी राज्यसभेनं तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा मंजूर केला. कलम 15 मध्ये लिहिलं : लिंगबदल शस्त्रक्रियेची सोय सरकार करील, खर्चाला विमा देईल. टाळ्या! पण त्याच साली विमा नियामकानं आरोग्य विम्यातून काय काय वगळता येतं त्याचा ठरीव मजकूर छापून दिला. त्यातला 7 नंबर : लिंगबदलाचे उपचार. त्याला खेटून 8 नंबर : शोभेसाठीच्या शस्त्रक्रिया. कायदा म्हणतो देऊ, पॉलिसी म्हणते चल फूट.

मग 24 ऑगस्ट 2022 ला दिल्लीत करार झाला. आयुष्मान योजनेत तृतीयपंथीयांना वर्षाला 5 लाखांचा विमा, त्यात ही शस्त्रक्रियाही. आकडा झकास. फक्त आधी तृतीयपंथी असल्याचं प्रमाणपत्र दाखवा. जातीच्या दाखल्यासाठी आज्याचा शाळेतला उतारा शोधत ज्यांच्या चपला झिजल्या, त्यांना मी हे वेगळं सांगायला नको. आपल्या राज्यातल्या महात्मा फुले योजनेचं दारही कागदानंच उघडतं, बहुतेकदा रेशनकार्डानं. रेशनकार्ड घरच्यांच्या नावावर. बापानं हाकललेल्या पोरानं ते आणायचं कुठून? ज्याला घर नाही त्याच्याकडं घरचा कागद मागायचा, ही या व्यवस्थेची जुनी खोड आहे. मग माणूस सावकाराकडं जातो, नाही तर दाईच्या सुरीखाली.

ललित साळवे यांचं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई. अंगावर वर्दी, हातात सरकारी पगार. तरी 2017 साली शस्त्रक्रियेसाठी महिनाभराची रजा मागितली तर खात्यानं नाकारली. उच्च न्यायालयानं प्रशासकीय न्यायाधिकरणाकडं जायला सांगितलं. शेवटी सरकारनं परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. वर्दीवाल्याची ही गत, तर आमच्या शिवारात रोजानं जाणाऱ्याची काय?

आता त्याच बीड जिल्ह्याची दुसरी बाजू बघा. 2019 साली सरकारी पाहणीत 82 हजारांवर ऊसतोड बायांची विचारपूस झाली. 13 हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा पडला की मुकादम दंड कापतो, म्हणून पाळी नको, म्हणून पिशवीच नको! तिथं कुणी बाईला रजेसाठी हायकोर्टात पाठवलं नाही. गरिबाचं अंग मालकाच्या सोयीसाठी कापायचं असेल तर सुरी तयार असते. त्यानं स्वतःच्या मर्जीनं काही मागितलं की नियम आठवतात.

पैसे नाहीत हे सोंग आहे. तमिळनाडूनं सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया मोफत केली, 2022 साली मुख्यमंत्र्यांच्या विमा योजनेतही घातली. फुल्यांचं नाव योजनेला देणाऱ्यांना हे का जमू नये?

म्हणून मागणी साधी आहे. घरच्या कागदाशिवाय, माणसाच्या स्वतःच्या नावावर विमा द्या. मराठवाड्याच्या सरकारी दवाखान्यांत ही शस्त्रक्रिया करा, मुंबईचं भाडं आमच्या माथी मारू नका. पॉलिसीतला तो 7 नंबर खोडा.

आणि मुंबई-पुण्यातल्या दोस्तांनो, हा आपला प्रश्न नाही असं म्हणू नका. एका विद्यापीठाच्या नावासाठी 1978 ते 1994 आपण लढलो, घरं जळाली, माणसं मेली. नाव म्हणजे काय आणि ते नाकारणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? जो आज स्वतःचं नाव आणि स्वतःचं अंग मागतोय, त्याच्यासोबत तहसीलच्या रांगेत उभं राहणं हे आपलं काम आहे.