जक्कयाची वही

दिवाळी अंकाच्या पानावर शुभवर्तमानातली गोष्ट कशाला, असे कोणा ना कोणा वाचकाच्या मनात येईलच. करंजी खाता खाता वाचण्याजोगे काही तरी लिहा की, असे आमच्या घरातूनही सुचवण्यात आले. पण ही गोष्ट एका वहीची आहे, आणि वर्षातून एकदा का होईना, जिच्यावर हळदकुंकू वाहून आपण हात जोडतो ती वस्तू वहीच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या चोपडीवर स्वस्तिक काढतात, 'शुभ लाभ' लिहितात, पुढ्यात बत्तासे आणि साळीच्या लाह्या ठेवतात. जुनी चोपडी उघडून तिच्यात काय काय लिहिले आहे ते मात्र त्या संध्याकाळी कोणी वाचत नाही. माझे भांडण तेथूनच सुरू होते.

प्रथम एका वाक्याचा समाचार घेतो. "ख्रिस्ती लोकांचे बरे आहे हो! आठवडाभर हवे ते करावे, रविवारी देवळात जाऊन चुकलो म्हणावे, की पाटी कोरी. आमच्याकडे मात्र कर्माचा हिशेब कवडीकवडीने चुकवावा लागतो!" हे वाक्य मी आगगाडीत ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, आणि शिक्षकांच्या खोलीत तर दर नाताळाला ऐकतो. बोलणारे गृहस्थ शिकलेसवरलेले असतात. पर्वणीला तीर्थावर एक बुडी मारून, ओल्या पंचानिशी, गेल्या सात जन्मांची बाकी फेडून परत आलेलेही असतात. कवडीकवडीचा हिशेब तेथे कोणत्या घाटावर झाला, ते विचारण्याची सोय नसते.

मी ख्रिस्ती नाही. धर्मांतराच्या वादात मला शिरायचे नाही. मी मराठीचा मास्तर. नवा करार हाती लागला तो मराठी पुस्तक म्हणून, आणि वाचला तोही तसाच, शब्दाशब्दाला अडखळत. त्या वाचनाच्या आधारावर एवढेच म्हणतो की, 'पाटी कोरी' हा धर्म त्या पुस्तकात नाही. तो पुष्कळशा ख्रिस्ती घरांत आहे हे खरे. तो आपल्या घरांतही आहे, आणि आपल्याकडे तर त्याला भाड्याचे मंडपही मिळतात.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात जक्कय भेटतो. यरीहो हे यार्देनच्या खोऱ्यातले, खजुरीच्या बागांचे आणि सुगंधी राळेचे गाव. नदीपलीकडचा माल येथून जाई. माल आला म्हणजे नाके आले, आणि नाके आले म्हणजे जकात आली. त्या काळी जकातीचे मक्ते दिले जात. सरकारचा आकडा भरून वर जे उकळता येईल ते मक्तेदाराचे. जक्कय अशा जकातदारांचा मुख्य, म्हणून श्रीमंत, आणि म्हणूनच गावाच्या डोळ्यांतला खडा. येशू गावातून जाणार म्हणून तो पाहायला निघाला. पण अंगाने बुटका, आणि गर्दी त्याला वाट देईना. (का द्यावी?) तेव्हा हा पैसेवाला मनुष्य पुढे धावत गेला आणि पोरासारखा उंबराच्या झाडावर चढून बसला. येशू झाडाखाली थांबला, वर पाहिले, नाव घेऊन हाक मारली आणि म्हणाला, खाली उतर, आज मुक्काम तुझ्याच घरी.

येथे वाचकाने जरा थांबावे. जक्कयाने तोवर तोंडातून एक शब्द काढलेला नाही. क्षमा मागितलेली नाही, डोळ्यांत पाणी आणलेले नाही. त्याला अट घातलेली नाही; आधी अमुक कर, मग तुझ्याकडे जेवीन, असे कोणी म्हटलेले नाही. गाव कुरकुरले ते यासाठीच, आणि त्या कुरकुरीत सगळेच चूक होते असे मला वाटत नाही. ज्यांचे पैसे लुबाडले त्यांच्याच डोळ्यांदेखत लुबाडणाऱ्याच्या घरी पाहुणचार चालावा, हे कोणाला रुचेल? पण ज्याला कृपा म्हणतात ती हीच. ती आधी येते. लायकी पाहून येत नाही.

नंतर जे घडते ते 'पाटी कोरी'वाले वाचीत नाहीत. जक्कय उभा राहतो आणि आकडे बोलतो. अर्धी मालमत्ता गरिबांना; आणि ज्याला नाडून घेतले असेल त्याला चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून कबुली देणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढीच भरपाई होती. चौपटीचा दंड मेंढरू चोरून ते कापणाऱ्याला वा विकणाऱ्याला होता. म्हणजे या माणसाने स्वतःला सवलतीचे कलम न लावता चोराचे कलम लावून घेतले.

मास्तर म्हणून मी यावर एक गणित घालतो. जक्कयाची मालमत्ता ८०० नाणी धरा. ४०० गेली गरिबांकडे. उरल्या ४०० मधून चौपट फेडायची, म्हणजे फार तर १०० नाण्यांची लबाडी फिटेल. एकंदर संपत्तीच्या आठव्या हिश्शाहून अधिक कमाई खोटी असेल, तर जक्कयाचे दिवाळे वाजले! मुख्य जकातदाराची खोटी कमाई आठव्या हिश्शाच्या आत असेल, असे यरीहोत कोणीही शपथेवर सांगितले नसते. त्या घरात आज तारण आले आहे असे येशू म्हणतो, ते हा आकडा उच्चारला गेल्यावर. रडण्यावर नव्हे, जक्कय रडल्याचे लूकने लिहिलेलेच नाही.

आमच्या भाषेने येथे थोडा घोटाळा केला आहे. 'पश्चात्ताप' या शब्दात सगळा भर तापावर. मागाहून होणारी जळजळ. ताप चढतो, डोळे लाल होतात, दोन दिवसांनी घाम येऊन उतरतो, मनुष्य बरा होतो आणि पुन्हा पेढीवर जाऊन बसतो. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्यावर आहे, आणि त्याच्याही मागचा संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द तर नुसता 'माघारी फिरणे' एवढाच. पायांचा शब्द आहे तो. चुकीच्या वाटेने दहा कोस गेलेल्याने वाटेत बसून उर बडवला म्हणून घर जवळ येत नाही.

ख्रिस्ती जगाला याचा विसर पडला नाही असे थोडेच आहे? जर्मनीत माइंत्सच्या आर्चबिशपाचे पद मिळवताना आल्ब्रेख्त या सरदारपुत्राने फुगरांच्या पेढीचे मोठे कर्ज काढले, आणि ते फेडण्यासाठी पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकण्याची परवानगी मिळवली. निम्मा पैसा पेढीला, निम्मा रोममधल्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामाला. टेट्झेल नावाचा संन्यासी पत्रे विकीत गावोगाव फिरला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने ज्या ९५ प्रमेयांनी रान पेटवले, त्यातले पहिलेच म्हणते की श्रद्धावंताचे सारे आयुष्य म्हणजे माघारी फिरणे. पुढे एका प्रमेयात, सुटीची पत्रे घेण्यापेक्षा गरिबाला देणे बरे, असेही सांगितले आहे. आणि काळाची थट्टा पाहा! त्याच ल्यूथरच्या पंथातल्या एका तरुण पाद्र्याला, डीट्रिख बॉनहोफरला, १९३७ साली पुस्तक लिहून आपल्याच मंडळींना बजावावे लागले की तुम्ही कृपा स्वस्त करून टाकली आहे. मंडळी हिटलरला हात उंचावून सलाम करीत होती आणि रविवारी क्षमा घेऊन घरी जात होती. बॉनहोफरला ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत फाशी दिले गेले.

आता घरचे. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेला एका वीटभट्टीच्या मालकांनी खोली बांधून दिली. खोली पक्की आहे, गळत नाही. हेही सांगितले पाहिजे. दारावर संगमरवरी पाटी आली. भट्टीचा हिशेब पावसाळ्याच्या तोंडावर होतो: हजार विटांमागे दर, त्यातून उचल वजा, किराणा वजा, दवापाणी वजा, खाडे वजा. वही मालकाकडे असते, कामकऱ्याकडे बोटे असतात. सहा महिने चिखल तुडवून कुटुंब गावी निघते तेव्हा त्याच्या अंगावर उलट देणे निघते. त्या वर्षी तसेच झाले होते. पाटीच्या अनावरणाआधी मालकांना मागच्या हंगामाचा हिशेब पुरा करायला सांगावे, असे मी सभेत म्हणालो. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "गुरुजी, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत." मी म्हटले, "गाय धर्माची असेल तर नाही मोजत. पण ती दुसऱ्याच्या गोठ्यातून सोडून आणलेली असेल तर?" अनावरण झाले, पेढे वाटले. भट्टीवरची दोन-तीन पोरे वर्गात होती. जोडाक्षरे वाचायला त्यांना ती पाटी फार उपयोगी पडली. त्यांतल्या एकीने विचारले, "गुरुजी, दानशूर म्हणजे काय?" मी फळ्यावर विग्रह लिहून दिला: दानात शूर. विग्रह बरोबर होता.

जक्कयाने दोन वाक्ये निरनिराळी उच्चारली, हे म्हणूनच मोलाचे. अर्धे दिले ते दान. चौपट दिले ते दान नव्हे. ते ज्याचे त्याला परत. आपण दोन्ही खाती एकाच पानावर लिहितो आणि परतफेडीलाच दान म्हणून पाटी लावतो. आधी भावाशी समेट कर, मग वेदीवर अर्पण वाहा, असे मत्तयाच्या ५ व्या अध्यायात येशू सांगतो. अर्पण तेथेच टाकून जा म्हणतो. आमच्याकडे अर्पण टाकून कोणी गेला तर आधी छायाचित्रकारच त्याला थांबवील.

दानाच्या आवाहनात एका विधवेची दोन दमड्यांची गोष्ट हटकून सांगतात. मंदिराच्या पेटीत श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, तिने होते नव्हते ते टाकले, आणि येशूने ते शिष्यांना दाखवले. गोड गोष्ट आहे. पण मार्कच्या १२ व्या अध्यायात तिच्या लगेच आधी काय येते? विधवांची घरे गिळणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे. आणि लगेच नंतर? या भव्य मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही, हे भाकीत. मधल्या चार ओळी तेवढ्या कापून देणगीच्या पेटीवर चिकटवणे ही हातचलाखी झाली. त्या बाईचे मन मोठे होते यात संशय नाही. पण तिच्याजवळ दोनच दमड्या का उरल्या, हा प्रश्न पेटीवाल्यांना टाळता येणार नाही.

आपल्याच भूमीत कृपेचा अर्थ ज्यांनी विटामातीत उभा केला त्या पंडिता रमाबाई. आईबाप दुष्काळाच्या दिवसांत डोळ्यांसमोर गेले; १८८३ साली इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या, आणि 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तेथल्या भगिनी कशा सांभाळतात ते पाहून त्यांच्या मनाने उचल खाल्ली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी निराधार मुली-बायका केडगावला आणल्या. तेथे अशाच फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी जी वेगळी इमारत होती तिचे नाव कृपासदन. तेथे कोणाचाही पूर्वेतिहास दारात तपासून मग भाकरी मिळत नव्हती. पण आत आल्यावर शिकणे होते, दळणकांडण होते, छापखाना होता, शेत होते. रमाबाईंच्या धर्मांतरावर ज्यांनी पाने भरभरून टीका केली, त्यांच्यापैकी किती जणांनी एखाद्या तशा बाईला ओसरीवर तरी बसू दिले?

औदार्याच्या नावावर आणखी एक फसवणूक चालते, तीही सांगून टाकतो. रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, याचे आपण कौतुक करतो, आणि ते कौतुकास्पदच होते. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' नीट वाचा, म्हणजे त्या औदार्याचा अर्धा भार कोणाच्या चुलीने वाहिला ते कळेल. दाता तेवढा पुरुष आणि उपाशी तेवढी बायको, अशी वाटणी पुष्कळ सत्पुरुषांच्या घरी झालेली आहे. टिळकांना निदान ते लपवायचे नव्हते.

कोणी म्हणेल, मास्तर, असा दात मोजत बसलात तर शाळा, दवाखाने, अन्नछत्रे बंद पडतील. पडणार नाहीत. मी देणगी नाकारा म्हणत नाही, क्रम बदला म्हणतो. आधी ज्याचे त्याला, मग उरेल त्यातून धर्म.

आणि भट्टीवाल्याकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येईल असे नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून, साऱ्या देशात २००५ पासून हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे. त्यानंतर गावोगावच्या निबंधक कचेऱ्यांत 'हक्कसोडपत्र' नावाच्या कागदाला फार भाव आला. बहीण एसटीने येते, सही करते, चहा घेते आणि परत जाते. कागदावर 'राजीखुशीने' असे लिहिलेले असते. एखादी खरोखरच राजीखुशीने देते. पुष्कळजणी, माहेरचा उंबरठा तुटू नये म्हणून देतात, आणि भावाला ते ठाऊक असते. मग कार्तिकात तोच भाऊ पाटावर बसतो. ती ओवाळते. तो तबकात पाचशेची नोट टाकतो, वर साडी, आणि आयाबाया म्हणतात, भाऊ मोठ्या मनाचा हो!

यंदाही भाऊबीज येते आहे. नोट टाकायला हरकत नाही. पण त्याआधी कपाटातला तो कागद बाहेर काढावा, बहिणीसमोर ठेवावा, आणि तिला पुन्हा एकदा, आईवडिलांची आण न घालता, विचारावे की बाई, ही सही तुला ठेवायची आहे का?