होल्स्टचीं सूक्तें आणि आमचें सोवळें

गुस्टाव्ह होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचें नांव निघतांच आमच्या सुशिक्षितांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘पाहा, साहेबानेंही आमचे वेद गाइले!’ दुसरा म्हणतो, ‘परभाषेंत, वृंदस्वरांत वेद? ही विटंबनाच!’ माझ्या मतें दोघेही सारखेच चुकतात. कारण होल्स्टनें केलें काय, हें पाहण्याचे श्रम दोघांनींही घेतलेले नाहींत.

उपलब्ध भाषांतरें मनास न आल्यामुळें या गृहस्थानें लंडनमध्यें संस्कृतचे धडे घेतले आणि कोश हाताशीं ठेवून सूक्तें स्वतः इंग्रजींत उतरविलीं. १९०८ ते १९१२ या काळांत त्यानें ऋग्वेदावर चौदा वृंदगीतें चार गटांत रचलीं; पैकीं तिसरा गट केवळ स्त्रीकंठ व हार्प यांसाठीं. एकल कंठासाठीं लिहिलेल्या नऊ गीतांत उषा, वरुण, वाक् यांच्या पंक्तीस मंडूकही आहेत. १९१६ सालीं रंगभूमीवर आलेल्या त्याच्या ‘सावित्री’ या छोट्या संगीतिकेंत मृत्यूचा आवाज आरंभीं वाद्यांच्या साथीविना ऐकूं येतो.

आतां सनातन्यांचा आक्षेप. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांनीं बांधलेला पाठ होल्स्टनें हातीं घेतलाच नाहीं. घेतला तो अर्थ. अर्थ परभाषेंत नेणें ही विटंबना असेल, तर शके १२१२ मध्यें गीतार्थ मराठींत आणणाऱ्या ज्ञानदेवांस आपण काय म्हणणार? स्वरमेळ ही पाश्चात्त्य रीत खरी. परंतु ती त्यानें आमच्या रागांवर लादली नाहीं, स्वतःच्याच घरांत वापरली. आणि समूहगानच परकें म्हणावें, तर आमच्या खेड्याखेड्यांतून घुमणारा हरिपाठ कोणाचा?

अभिमान्यांस मात्र निराळाच प्रश्न आहे. होल्स्ट हॅमरस्मिथच्या मुलींच्या शाळेंत शिक्षक होता. धर्माबादेहून जवळच गोदातीरीं बासरची सरस्वती आहे. अक्षरारंभासाठीं आपण मुलांना तेथें नेतों. वाक्‌सूक्ताची द्रष्टी वागाम्भृणी ही स्त्रीच. तरी आमच्या कॉलेजांतील मुलींना त्या सूक्ताचा अर्थ एकत्र गातां येईल अशी एक तरी मराठी रचना आपण त्यांच्या हातीं दिली आहे काय? समारंभांत उरतें तें स्वागतगीत!

परक्याच्या प्रशस्तीनें फुगणें सोपें, त्याच्या स्पर्शानें आक्रसणेंही सोपें. कठीण तें एक सूक्त मराठींत आणून पंचवीस मुलींच्या कंठीं बसविणें. तें होईपर्यंत होल्स्टला दूषण देण्याचा अथवा त्याच्या नांवावर मिरविण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं.