पिंगळा विकायचा नाही

दिवाळी जवळ आली की शहरातली माणसं पाड्यांवर येतात, घुबड किंवा पिंगळा मिळेल का असं हळूच विचारतात. अमावास्येच्या पूजेला, गुप्तधनाला त्यांना पाखरू लागतं. पैसे रोख देतात. आपली पोरं झाडावर चढण्यात पटाईत, ढोलीत हात घातला की काम झालं. माझं म्हणणं सरळ आहे : हा धंदा बंद करायचा.

पिंगळा अपशकुनी म्हणतात. कशाचा अपशकुन? साळुंकीएवढं पाखरू, अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे. दिवसा जोडीनं ढोलीत बसतं, माणूस दिसला की मान वरखाली करत टकमक बघतं. दिवस मावळला की चिर्र-चिर्र करून भांडल्यासारखा कालवा करतं, आणि आपण म्हणतो मरण बोलावतंय. ज्याला खरं बघायचं त्यानं ढोलीखाली पडलेल्या गोळ्या फोडून बघाव्या. जे पचत नाही ते पिंगळा ओकून टाकतो. उंदराची हाडं, किड्यांची टरफलं निघतील. म्हणजे आपल्या भात-नागलीचा हा बिनपगारी राखणदार.

त्याला स्वतःला झाड कोरता येत नाही. जुन्या झाडाची ढोली नाहीतर सुतार पक्ष्यानं केलेलं भोक मिळालं तरच तीन-चार अंडी घालायला जागा होते. अशी पोकळ झाडं जंगलखात्याच्या हिशेबात निकामी. कूप तोडताना ती गेली, त्या जागी रांगेत साग आला. कोवळ्या सागाला ढोली कुठली? जंगल आदिवासींनी संपवलं हे भाषण अजून ऐकावं लागतं, म्हणून हे बोलायलाच हवं. (सरपणाला आपणही पोकळ झाडावरच आधी कुऱ्हाड घालतो, ते वेगळं.)

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पिंगळा पकडणं गुन्हा आहे. सापडतो तो आपला पोरगा, गिऱ्हाईक एसटीनं निघून जातं. मग त्या एका केसवरून साऱ्या पाड्याच्या दाव्यांकडे बोट दाखवतात. उलट २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो वापरा की! दिवाळीआधीच्या ग्रामसभेत ठराव घ्या : पाखरू कोणी विकणार नाही, ढोलीचं झाड कोणी तोडणार नाही, खात्यानंही नाही. ठरावाची एक प्रत रेंज ऑफिसात द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.